खडकाईची बिनदाराची वेस

मंडळी, जत्रा उतरताना वेशीत दोन माणसं उभी आहेत. एक म्हणतो, मी मोजली, सगळी आली. दुसरा म्हणतो, माझी बायको अजून वर आहे. तुम्ही कुणाचं खरं धराल? घाई नाही. बसा, गूळ-पाणी घ्या आणि ही वेस नीट बघा. दगडी चौकट आहे, दार फिरायला वर-खाली खळगे कोरलेत, दार मात्र नाही. परवा एका पाहुण्यानं विचारलं, चोरीला गेलं का? चोरण्याइतके दिवस टिकलं असतं तर ना.

फार मागची गोष्ट. तेव्हा खडकाई देवीच्या डोंगरात वाघ होता. म्हणून चैत्राच्या जत्रेला माणसं दिवस मावळायच्या आत उतरून वेशीत यायची आणि मानकरी दार लावायचा. दार लागल्यावरच मांडवात पानं वाढायची, असा नियम. त्या वर्षी मानकरी हैबतरावांकडे मोठे सोयरे आले होते म्हणे. त्यांना भूक लागली होती. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

दर्शनाला बुरडांची पाळी सगळ्यांत शेवटी. गेनू बुरूड दोन पोरं घेऊन वेशीत थांबला होता. नवसाची ओटी भरायला त्याची बायको ठकू वर गेली होती. हैबतरावांनी दाराला हात घातला, तसा तो आडवा आला.

"मानकरी, माझी बाई वर हाय."

"सगळी उतरली, मी मोजलीत. तुझी घरी भाकऱ्या थापत असंल, जाऊन बघ की."

माणसं हसली.

"घरी कशी असंल? तान्हं माझ्या कडेवर हाय." मग तो वळला आमच्या मूळपुरुषाकडे, मलकाप्पाशेटकडे. ओटीचं दुकान वेशीतच, आज मी बसतो तिथं. "शेट, तुम्ही सांगा. आत्ता तुमच्याकडनं खण घेऊन गेली ना?"

मलकाप्पांनी हैबतरावांकडे पाहिलं. सबंध मांडवाचा गूळ आणि डाळ आमच्या दुकानातून गेली होती.

"जत्रेत शंभर बायका खण घेतात, बाबा. कुणाकुणाची तोंडं ध्यानात ठेवू?"

चौघांनी गेनूला धरून ठेवलं आणि अडसर पडला. ठकूनं पलीकडून दार वाजवलं, असं सांगतात. मांडवात हलगी चालू होती. सकाळी दाराच्या बाहेरच्या अंगाला हळदीचे पंजे होते आणि उंबऱ्यावर ओटीचे तांदूळ. वाघानं नेली, असं सांगतात. मी नाही तसं सांगत. वाघाचं नाव पुढं करून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हात झटकले.

त्या सकाळीच देवी कोपली. दार उन्मळून ओढ्यात पडलं. नवं सागवानी बसवलं, तेही पडलं. तिसरं लोखंडी पट्ट्यांचं, त्याचीही तीच गत. शेवटी हैबतराव कौल लावायला वर गेले. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं लावली. चांदीचं दार करू? डावं फूल पडलं, म्हणजे नाही. बोकड देऊ? पुन्हा डावं. मग गुरवच वैतागून म्हणाला, "आई, गेनू सांगंल तसं करतो." शब्द पुरा व्हायच्या आत उजवं पडलं म्हणे.

गेनू मांडवात उभा राहिला. आवाज चढवला नाही त्यानं.

"दार नको. चढणाऱ्या प्रत्येकाला मी बांबूची काडी दीन, उतरताना ती परत यायची. शेवटची काडी येईस्तवर पान वाढायचं नाही. आणि मोजायला मानकरी नको. ज्यानं बघून तोंड फिरवलं, त्याच्या घरानं मोजायचं. वंशभर."

लोक याला आमच्या घराचा मान म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. मान कसला? शिक्षा आहे ती, आणि कमीच आहे.

आजही काड्या बुरडांच्या घरातून येतात. मी वाटतो आणि मीच परत घेतो. गेल्या वर्षी एका गाडीच्या ड्रायव्हरनं अकरा काड्या एकदम आणून दिल्या. "सगळे आलेत, शेट, घ्या." मी घेतल्या नाहीत. मांडव ताटकळला, मोठमोठी माणसं माझ्यावर डाफरली. मीही डाफरलो. त्या गाडीतली एक म्हातारी पाय मुरगळून वरच्या पायऱ्यांवर बसलेली सापडली, तेव्हा कुठं पानं मांडली.

घ्या, ही तुमची काडी. येताना स्वतःच्या हातानं द्या, दुसऱ्याची आणू नका. कुणी मागं राहिलं असेल तर राहिलंय म्हणून सांगा, मग मांडवात कुणी का उपाशी बसेना. हिशेब खरा ठेवा, मंडळी. माझ्या घरानं एकदा खोटा ठेवलाय.