उपासाची पंगत

एका बंदरावर भिकूशेट नावाचा नारळाचा व्यापारी राहत होता. माणूस दिलदार, पण जगातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे, अशी त्याची पक्की खात्री. त्याची मुलगी मालन शहरात कॉलेजला गेली आणि तिथं तिनं विषय घेतला तो धर्मांचा अभ्यास. कोण काय मानतं, कशी प्रार्थना करतं, उपास का धरतं, हे सारं शिकायचं. गावात हसू झालं. "काय शेट, पोर कीर्तन कधी करणार?" असं जो तो विचारी. शेटला ते फार लागे.

सुट्टीत मालन घरी आली, तेव्हा तो म्हणाला, "पुरे झालं आता. धर्म काय शिकायचा असतो? तो घरात असतोच. उद्यापासून वखारीत बस आणि नारळ बघ."

मालनचा चेहरा उतरला. तो अभ्यास तिला मनापासून आवडत होता. पण बापापुढे बोलणार कोण?

त्याच सुमारास शेटनं नवी वखार बांधली आणि त्या आनंदात तीन दोस्तांना पहिल्यांदाच घरी जेवायला बोलावलं. गलबताचे नाखवा दाऊदभाई, कापडवाले फुलचंदभाई आणि भाजीची वाडी करणारे इनासदादा. दोस्ती जुनी, पण बाजारापुरती. तिघांचाही एकच निरोप आला, "येतो, पण त्या दिवशी उपास आहे."

शेट खूश झाला. "माझीही त्या दिवशी एकादशीच! वेगळं रांधायला नको."

मालन म्हणाली, "बाबा, कसला उपास ते विचारू या का?"

"उपास म्हणजे उपास! त्यात विचारायचं काय? हेच शिकवतात का तुमच्या कॉलेजात?"

झालं! साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, वर गोड दही. एकादशी अन् दुप्पट खाशी, अशी ती पंगत. पाहुणे आले, पाटावर बसले, आणि कुणी घासच उचलेना. दाऊदभाईंनी पाण्याचा पेला हळूच बाजूला सारला. फुलचंदभाईंनी ताटावर हात आडवा धरला. इनासदादा एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत बसले.

शेटचं डोकं भडकलं. "माझ्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही तुम्हाला? मग आलात कशाला?"

दाऊदभाई मान खाली घालून उठले आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागले. इतक्या वर्षांची दोस्ती साबुदाण्यावरून तुटायची वेळ आली.

मालन धावत दाराशी गेली. "काका, रोजा आहे ना तुमचा?"

"होय पोरी. सूर्य बुडंपर्यंत पाणीसुद्धा नाय. पण शेटनी एवढ्या मायेनं बोलावलं, नाय कसं म्हणायचं? म्हटलं, नुसतं बसून येऊ."

शेटचं तोंड एवढंसं झालं.

मालनला आता जोर आला. ती उकळून गार केलेलं पाणी घेऊन फुलचंदभाईंपुढे उभी राहिली. "काका, तुमच्या जैन उपासात अन्न नसतं, पण हे चालतं. आमच्या पुस्तकात आहे."

फुलचंदभाई हसले. "पुस्तक बरोबर सांगतं, बेटा. पण आज माझा चौविहार. पाणीही नाही. उद्या सूर्य उगवल्यावर पारणं."

मालननं जीभ चावली आणि मग स्वतःलाच हसली. "बघा, मीही बाबांचीच मुलगी. न विचारताच घेऊन आले!" तिनं पेला खाली ठेवला आणि या वेळी नीट विचारलं, "इनासकाका, तुमच्याकडे उपास कसा करतात?"

इनासदादा याच प्रश्नाची वाट बघत होते. "अगं, आम्हा ख्रिस्ती लोकांचा नुसता मटण-मासळी सोडायचा उपास! बाकी सगळं चालतं. मघापासून खिचडीचा वास नाकात शिरतोय. पण हे दोघं उपाशी असताना मी एकटा कसा हात घालू?"

घरभर हसू पसरलं. शेटनं दाराशी जाऊन दाऊदभाईंचे हात धरले. "चुकलो, नाखवा. आधी विचारायला हवं होतं."

मग पंगत अशी रंगली की विचारू नका. दुपारी त्या दोघांच्याच आग्रहावरून इनासदादांनी आणि शेटनं खिचडीचा फडशा पाडला आणि बाकीच्यांनी गप्पा हाणल्या. सूर्य बुडाल्यावर दाऊदभाईंनी खजूर आणि शहाळ्याच्या पाण्यानं रोजा सोडला, तेव्हा सगळे त्यांच्याभोवती बसले. पाहुणे त्या रात्री तिथंच राहिले. सकाळी फुलचंदभाईंनी मुगाचं पाणी घेऊन पारणं केलं आणि शेजारी बसून शेटनं आपली एकादशी सोडली.

सुट्टी संपली. शेट स्वतः मालनची ट्रंक घेऊन एसटीच्या थांब्यावर आला. तिथं कुणीतरी खवचटपणे विचारलं, "काय शेट, पोर कीर्तन कधी करणार?"

"कीर्तन नाही करत ती," शेट म्हणाला. "ती माणसांना विचारायला शिकते. फार अवघड विषय आहे बाबा. मी तर पहिल्याच पेपरात नापास झालो!"

तात्पर्य: उपास हा शब्द एक, पण घरोघरी त्याची रीत वेगळी. दुसऱ्याचा धर्म आपल्या ताटावरून ओळखू नये. त्याच्याजवळ बसून त्यालाच विचारावा.