नंतर शिरलेली हवा

एकदा एका माणसाला मंगळवारी दुपारी डबा खाताना बातमी कळली. दिवस अगदी साधा होता. हा माणूस साखर कारखान्यात अभियंता. बॉयलरच्या धुरात प्राणवायू किती उरला ते मोजायचे आणि त्यावरून भट्टीची हवा कमीजास्त करायची, हे त्याचे काम. गळीत हंगाम ऐन भरात होता. डब्यात शेपूची भाजी होती. सकाळी दहाला थोरल्या भावाचा फोन येऊन गेला होता, पण तेव्हा तो बॉयलरवर होता. डबा खाऊन करू, असे त्याने मनाशी म्हटले होते. दुसरी भाकरी मोडली आणि फोन वाजला. नाव भावाचेच होते, आवाज वहिनींचा.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे गेले."

भाऊ चित्रकलेचा शिक्षक, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. त्याच्या मागे एक निळी गाडी राहिली, एकोणीसशे अडुसष्ट सालची. भावाने ती जिवापाड जपली होती. मृत्यूच्या आदल्या रविवारी त्याने फोनवर तिचीच तक्रार केली होती. "गाडी चढाला धापते रे," तो म्हणाला होता, आणि हसून पुढे, "हल्ली मीही." धाकटाही हसला होता. "पेट्रोल कमी पडत असेल. हंगाम संपला की येतो," असे सांगून त्याने फोन ठेवला होता.

हंगाम संपला. त्याने रजा काढली आणि भावाच्या गावाहून गाडी घेऊन आला.

वहिनींना ती शाळा उघडायच्या आत हवी होती. घाटापलीकडच्या मुलींच्या वसतिगृहात त्या अधीक्षिका होत्या, आणि आता दोन बस बदलून जात होत्या. "यांनी मला हिच्यावरच शिकवलं. दुसरी मला जमायची नाही," त्या म्हणाल्या. "घाट चढली की पुरे, भाऊजी. तिचं विमान करू नका."

कारखान्याच्या रस्त्यावर एका वृद्ध कारागिराचे गॅरेज होते. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर, डोळे अधू, कान मात्र तीक्ष्ण. अभियंता कित्येक वर्षे सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे शिकायला जाई. पदवी त्याने महाविद्यालयातून घेतली होती. इंजिन ऐकायला तो वस्तादांपाशी शिकला होता. या वेळी मात्र तो शिकायला आला नव्हता. त्याने सोबत एक सेन्सर आणला होता.

"बॉयलरला लावतो तसाच," तो म्हणाला. "धुरात किती प्राणवायू उरला ते हा सांगतो. त्यावरून कळतं, एका भाग पेट्रोलला किती भाग हवा मिळाली. मग अंदाजानं स्क्रू फिरवत बसायला नको."

"लावा की," वस्ताद म्हणाले. "आमच्या कानाला तेवढीच रजा."

त्याने काम नेटके केले. इंजिनापासून सायलेन्सरचा पाइप सोडवला. पाइपाला वरच्या अंगाने, जरा तिरकी, सेन्सर बसवायला आटे पाडलेली बुश वेल्डिंग करून बसवली, म्हणजे पाइपातले पाणी सेन्सरवर साचू नये. पाइप पुन्हा जोडला, सेन्सर आवळला, समोरच्या फळीवर मीटर लावले. इंजिन सुरू केले. काटा चौदाच्या आसपास हवा होता, तो सतराच्या वर जाऊन थांबला.

"बघा," तो म्हणाला. "हवा जास्त, पेट्रोल कमी. दादा म्हणतच होता."

त्या क्षणापासून त्याला स्वस्थता उरली नाही. त्याने कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा, बारीक भोकाचा जेट काढून एक नंबर मोठा घातला. काटा किंचित खाली आला, पुन्हा चढला. दुसऱ्या दिवशी आणखी एक नंबर. मग तिसरा. स्क्रू पाव फेरा उघडायचा, उसाच्या मळ्यापर्यंत गाडी न्यायची, वळवायची, परत यायचे, पुन्हा पाव फेरा. चहा पुढ्यात निवून जाई. वस्तादांनी बाकावर बसायला सांगितले तर तो बसे, आणि घोट घ्यायच्या आत उठून बॉनेट उघडे. दहा दिवस गेले. वहिनींचा फोन आला की तो म्हणे, "अजून थोडं. अजून कमी पडतंय." आणि काम करता करता, कुणी विचारलेले नसताना, ते एकच वाक्य: "दादा म्हणाला होता हो. मीही धापतो म्हणाला होता. मी हसलो."

वस्ताद हातातले काम करत ऐकत.

अकराव्या दिवशी मूळच्यापेक्षा चार नंबर मोठा जेट बसला. गाडी काळा धूर ओकू लागली आणि काटा सोळावरच अडून राहिला. वस्तादांनी एक प्लग काढून हातात धरला. काजळीने तो काळाठिक्कर होता. मग त्यांनी ऑइलची पट्टी ओढून नाकाशी नेली.

"काटा म्हणतो उपाशी आहे, आणि प्लग म्हणतो अजीर्ण झालंय," ते म्हणाले. "ऑइललासुद्धा पेट्रोलचा वास मारतोय. आणखी आठ दिवस असं पाजत राहिलात, तर सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन जाईल. मग इंजिन खाली उतरवायचं, आणि तुमच्या वहिनींना बस आहेच."

"पण वस्ताद, मीटर खोटं कसं सांगेल? मी स्वतः तपासून घेतलंय."

"खोटं कोण म्हणतंय? प्लग बसवतो. इंजिन सुरू करा."

इंजिन सुरू झाल्यावर वस्तादांनी खांद्यावरचा पंचा बादलीत बुचकळला, पिळला आणि गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसले. पंच्याचा बोळा करून त्यांनी तो सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरला.

अभियंत्याला काही उमगेना. इंजिन गुदमरू लागले, सारी गाडी थरथरली. "काय करताय वस्ताद? बंद पडेल ती."

"पडली तर पडू दे. तुम्ही माझ्याकडं बघू नका. पुढं जाऊन वाका आणि कान द्या. कारखान्यात हेच पोरांना शिकवता ना तुम्ही?"

तो वाकला. आधी नुसती धडधड ऐकू आली. मग तिच्या आतून एक बारीक आवाज आला, फिस्स, फिस्स, ठोक्यागणिक. इंजिन आणि पाइप जिथे जुळतात त्या सांध्याच्या खालच्या कडेला काजळीची बोटभर रेघ उमटली होती. तो सांधा त्यानेच खोलला होता. बुश बसवल्यावर घाईघाईने, सांध्याची फट बुजवणारे जुनेच, चेपलेले गॅस्केट पुन्हा घालून त्यानेच तो आवळला होता.

वस्तादांनी पंचा काढला. इंजिनाने मोकळा श्वास घेतला. अभियंत्याने चावी फिरवून ते बंद केले आणि तो मडगार्डला टेकून उभा राहिला.

"माझ्या चिमणीत अशी फट असती," तो हळूच म्हणाला, "तर मी पहिल्या तासाला शोधली असती."

"ती चिमणी तुमच्या भावाची नव्हती," वस्ताद म्हणाले. पंच्याला हात पुसत ते बाकावर बसले, आणि या खेपेला अभियंताही त्यांच्या शेजारी बसला.

"साहेब, या फटीतून धूर बाहेर पडतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. ती पुढं जाऊन सेन्सरला भेटते. सेन्सर प्रामाणिक आहे. त्याच्यासमोर हवा आली, त्यानं मोजली. पण ती हवा आगीपाशी नव्हतीच. आग आपलं काम करून विझली, त्यानंतर ती शिरली. सेन्सरला आधीची कुठली आणि नंतरची कुठली ते कळत नाही. तो सगळी एकत्र मोजतो आणि सांगतो, तुम्ही कमी दिलंत. तुम्ही आपले देत सुटता."

त्यांनी पंचा खांद्यावर टाकला.

"मास्तर धापतो म्हणाले, तुम्ही हसलात. त्या रविवारी ते हसायचंच वाक्य होतं. तेही हसले होते. त्याचा दुसरा अर्थ मंगळवारी आत शिरला. तो खरा आहे, मी नाही म्हणत नाही. पण रविवारी तो तिथं नव्हता. रविवारचं माप काढताना तो धरू नका."

रस्त्यावरून एक रिकामी बैलगाडी गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत अभियंता बसून राहिला, आणि पुढ्यात आलेला चहाचा पेला त्याने पूर्ण संपवला.

मग त्याने सांधा खोलला, नवे गॅस्केट घातले, मूळचा जेट परत बसवला, ऑइल बदलले. जागेवर उभ्या गाडीत काटा साडेतेरावर आला आणि तिथे टिकला. सपाट रस्त्यावर साडेचौदा. ते दोघे गाडी घेऊन घाटापर्यंत गेले. चढ लागला तसा काटा हळूहळू वर सरकला, आणि गाडी थोडी अडखळली.

"इथं मात्र कमी पडतंय," अभियंता म्हणाला.

"पडतंय. मास्तर बरोबरच सांगत होते. एवढी कमी खरी आहे. तिच्यापुरतं द्या. एक नंबर. चार नव्हे."

रस्त्याच्या कडेला, बॉनेट उघडून, त्याने एक नंबर मोठा जेट घातला. दुसऱ्या खेपेला निळी गाडी घाट चढून गेली. माथ्यावर वस्ताद म्हणाले, "आता हात लावाल तर याद राखा."

शाळा उघडायच्या चार दिवस आधी त्याने चावी वहिनींच्या हातात दिली. त्यांनी स्वतः गाडी बाहेर काढली, कोपऱ्यापर्यंत नेली आणि परत आणली. "धापत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये त्याला खिडकीपाशी जागा मिळाली. ते हसणे आता त्याला पूर्वीसारखे टोचत नव्हते. ते रविवारचे होते आणि रविवारीच राहिले. नंतरचे सगळे बाजूला सारल्यावर त्याच्या वाट्याची कमी केवढी, ते त्याला नीट दिसले. ती फार मोठी नव्हती, पण खरी होती.

मंगळवारी सकाळी दहा वाजता भावाचा फोन येऊन गेला होता. त्याने उलट फोन केला नव्हता. तो करायचा राहिला.