खोल पाण्यातला तेलकट मासा

समुद्रकाठच्या एका गावात रेवू नावाची कोळीण राहत होती. तिचा नवरा पोशा मासे आणी आणि ती ते बाजारात विकी.

एकदा आठवडाभर जाळ्यात काहीच आले नाही. म्हणून पोशाने होडी लांब नेऊन खोल पाण्यात गळ सोडला. दिवस मावळताना गळाला एक मासा लागला. छातीपर्यंत येईल एवढा, काळपट, खरखरीत अंगाचा आणि मोठ्या डोळ्यांचा.

पोशाने तो ओळखला. त्याच्या वडिलांनी सांगितले होते, की हा मासा दिवसभर खाली अंधारात राहतो आणि ऊन उतरले की माकुलासारखे मऊ अंगाचे जीव आणि लहान मासे यांचा पाठलाग करत वर येतो. त्याच्या अंगात तेल भरलेले असते, त्यामुळे त्याला फारसे कष्ट न करता तरंगत राहता येते. माणसाच्या पोटाला मात्र ते तेल पचत नाही. एखादी तुकडी चालते; ताटभर खाल्ला तर दिवसभर परसाकडे धावावे लागते.

सकाळी रेवू तोच एक मासा घेऊन बाजारात बसली. शेजारच्या गावचे पाटील आले. त्या संध्याकाळी त्यांच्या लेकीची हळद होती, दोनशे माणसे जेवायची होती. माशाचे पांढरेशुभ्र मांस पाहून त्यांनी तो अख्खाच मागितला.

 रेवूच्या घरात तांदूळही संपत आले होते.

तरी ती म्हणाली, "पाटील, चवीला हा लोण्यासारखा आहे, पण हळदीला नेऊ नका. ह्याचं तेल पोटाला सोसत नाही. उद्या लग्नात पाहुणे उभे राहायचे नाहीत."

पाटलांना वाटले, ही भाव वाढवते आहे. त्यांनी जास्त पैसे देऊ केले. रेवूने मान हलवली आणि शेजारच्या सखूचे ताजे बांगडे दाखवले. पाटील ते घेऊन गेले. आलेले गिऱ्हाईक घालवले म्हणून सखू तिला बराच वेळ हसत होती.

घरी पोशा रागावला नाही. दोघांनी एकेक तुकडी तळून खाल्ली आणि बाकीचा मासा खत म्हणून माडाच्या बुंध्याशी पुरला.

चौथ्या दिवशी पाटील बाजारात पुन्हा आले. हळदीला आलेल्या होडी हाकणाऱ्या एका म्हाताऱ्या नाखव्याने त्या माशाबद्दल अगदी तेच सांगितले होते. ते सरळ रेवूपुढे थांबले.

"रेवूताई, आज घरी व्याही जेवायला आहेत. काय नेऊ ते तुम्हीच सांगा."

"मांदेली आहेत. पहाटेचीच आहेत," रेवू म्हणाली.

मासे ताजे आहेत का, हे पाटलांनी हात लावूनही पाहिले नाही. सगळी टोपली घेतली.

तात्पर्य: आपल्या मालातला दोष जो स्वतःहून सांगतो, त्याच्या शब्दावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.