नऊ पितळी खुंट्या

‘…ते सगळं राहू द्या बाबा. मदरबोर्ड कुठला घेऊ, एवढं एकच सांगा.’

रामगिरीबाबा तांदूळ निवडत होते. त्यांना एक खडा सापडला. तो त्यांनी उजेडाकडं धरून निरखला आणि शेजारी ठेवला.



भैरू तोडकरचं डोकं आणखी तापलं. भर उन्हात टेकडी चढून आला होता, तेही संगणकाची लोखंडी पेटी खांद्यावर घेऊन. पाठीला दोरीचे वळ उठले होते. आणि इथं हे महाराज खड्यांची परीक्षा घेत बसलेले.

या मठात लोक दोनच कामांसाठी येत. कुणाला देव दिसत नसे, कुणाला टीव्हीत चित्र. भगवी घालण्याआधी बाबांनी तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले होते आणि भगवी घातली म्हणून कुणी टीव्ही आणायचं थांबलं नव्हतं. आता संगणक येत. बाबा सगळ्यांना एकच सांगत, आधी झाकण काढ. देववाले त्याचा अर्थ लावत बसत. टीव्हीवाले मुकाट्यानं काढत.

भैरूनं काढलं नव्हतं. स्वतःच्या हातानं जोडलेली पेटी दुसऱ्यापुढं उघडायची म्हणजे काय?

गावात त्याचं गेट-ग्रीलचं दुकान. तालुक्यातल्या निम्म्या बंगल्यांची फाटकं त्याच्या हातची, उरलेल्या निम्म्यांना तो नावं ठेवी. लोक भैरूच म्हणत. दुकानावर मात्र ‘भैरवनाथशेठ’ अशी लोखंडी अक्षरं होती. ती त्यानं स्वतः वेल्डिंग केलेली, त्यामुळं कुणाला खोडता येत नव्हती.

तर या शेठनी पण केला होता की गेम खेळायचा संगणक विकत आणायचा नाही, आपण जोडायचा. तालुक्यातल्या खेळाडूंचा मोबाइलवर ग्रुप होता, अकराशे पोरांचा. तिथं दवंडीही पिटून झाली होती.

आणि संगणक चालूच होईना.

‘तीन बोर्ड झाले बाबा,’ भैरू म्हणाला. ‘तीन. बटण दाबलं की पंखा अर्धी गिरकी घेतो नि गप्प. सगळे चोर.’

मग त्यानं सगळ्यांचा उद्धार केला. बोर्ड बनवणाऱ्या कंपन्या चोर, त्यांची जाहिरात करणारे चोर. ‘मदरबोर्ड म्हणजे संगणकाची छाती, सगळे भाग तिथंच येऊन बसतात, तेव्हा निवडताना कंजुषी नको’ असं सांगणारा तो टीव्हीवरचा गोरटा पोरगा तर सरदार. पहिला बोर्ड भैरूनं काळा घेतला होता, साधा. दुसरा पांढरा, दिवेवाला. तिसरा घेतला तो चिलखत घातलेला, नुसता बघूनच शेजाऱ्याला घाम फुटावा असा. तिघांनीही तीच अर्धी गिरकी दाखवली.

आणि सगळ्यांत मोठी चोर मालनकाकू मेंगाणे.

बसस्टँडच्या मागं काकूंचं संगणकाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. झेरॉक्सच्या एका यंत्रावर सुरू केलेलं, वीस वर्षांत इथवर आणलेलं. काकूंनी दोन बोर्ड मुकाट्यानं बदलून दिले. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, पेटी आण, मी बघते. भैरू म्हणाला, माझ्या पेटीला हात लावायचा नाही. तेव्हा काकूंनी गल्ल्यावर बसल्याबसल्या चष्मा काढला आणि चार माणसांदेखत सांगितलं की टेकडीवर जा, रामगिरीबाबा जर म्हणाले बोर्ड खोटा, तर मी या दुकानाला कुलूप लावते.

भैरूनं ती गोष्ट धरून ठेवली. परवाच त्यानं ग्रुपवर लिहून टाकलं होतं, काकूचा माल खोटा आहे, पुरावा देतो. दोन दिवस काकूंच्या पायरीला कुणी पाय लावला नव्हता.

आता फक्त पुरावा राहिला होता. त्यानं खिशातून मोबाइल काढला.

‘तुम्ही कॅमेऱ्यात एवढंच बोला, बोर्ड खोटा आहे. एक वाक्य. माणसं तुमचं ऐकतात.’

बाबांनी सूप खाली ठेवलं.

‘बसवलायस कसा?’

‘काय?’

‘बोर्ड.’

हे विचारल्यावर मात्र भैरू खुलला. राग होताच, पण त्यावर सायीसारखा अभिमान आला. म्हणाला, त्याबाबतीत तोडकराचं नाव घ्यायचं काम नाही. पेटी बनवणाऱ्यांनी आत नऊ पितळी खुंट्या ठेवलेल्या, हरभऱ्याएवढ्या. बोर्ड त्यांच्यावर ठेवायचा म्हणे. म्हणजे खालून सगळं पोकळ. अधांतरी. असलं कच्चं काम त्याच्या दुकानात चालत नाही. फाटकाच्या सांध्यात कागद सरकला तरी तो सांधा पुन्हा मारतो.

‘खुंट्या पकडीनं उपटल्या. बोर्ड टेकवला सपाट पत्र्याला. भोकं पाडून मागनं नट-बोल्ट आवळले. तारा खुपसायची मागची खिडकी जुळंना, तर ग्राइंडरनं कापली.’ त्यानं पेटीवर थाप मारली. ‘हत्ती उभा करा, हलणार नाही.’

‘हं,’ बाबा म्हणाले.

…

‘मग? बोलताय ना?’

‘चहा घेशील?’

भैरूला वाटलं, उठावं आणि पेटी टेकडीवरून खाली सोडून द्यावी. एवढ्या लांबून माणूस न्याय मागायला येतो आणि त्याला चहा विचारतात. हेच करतात हे भगवे. खरं बोलायची वेळ आली की आधण ठेवतात.

बाबा चुलीपाशी गेले. चूल कसली, तीन दगड. मधे निखारे चांगले फुललेले, वर काळंकुट्ट पातेलं. बाबांनी पातेल्याला बोटानं ढकलून बघितलं. ते जरासं डुगडुगलं.

‘हलतंय,’ बाबा म्हणाले.

‘हलू द्या की.’

‘कच्चं काम.’

त्यांनी पातेलं उचललं. चिमट्यानं एक दगड बाहेर ओढला. मग दुसरा, मग तिसरा. तिन्ही नीट रांगेत मांडले. आणि पातेलं सरळ निखाऱ्यांवर टेकवलं. टेकवून वरून फडक्यानं दाबलं. चांगलं दोन्ही हातांनी, अंगठीत खडा बसवावा तसं.

मठभर धूर झाला.

भैरूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आता मात्र त्याचा तोल गेला. म्हातारा चळला, आणि आपण याच्या एका शब्दावर विसंबलो.

‘अहो काय करताय?’ तो खोकत ओरडला. ‘इस्तू विझवला की सगळा. असं उरावर बसवल्यावर जाळ जगंल का? खाली मोकळं नको? दगड काय शोभेला असतात? ती मधली जागा आहे म्हणून तर…’

…

धूर हळूहळू दाराबाहेर गेला.

बाबांनी पातेल्याला पुन्हा बोट लावलं.

‘हत्ती उभा कर,’ ते म्हणाले. ‘हलणार नाही.’

भैरूनं तोंड उघडलं.   आत नुसता धूर होता.

मग त्यानं पेटी पुढं ओढली आणि झाकण काढलं.

नट-बोल्ट त्यानंच आवळलेले. सोडवताना घाम निघाला. बाबांनी जुन्या डब्यातून पाना दिला, बाकी मदत केली नाही. चिलखतवाला बोर्ड बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीवरचे सोल्डरचे बारीक डाग पत्र्याला घासून चकाकत होते. भैरूनं ते पहिल्यांदाच पाहिले. शेकडो डाग, प्रत्येकाची वीज वेगळी, एकाला दुसरा कुठं शिवत नव्हता. आणि त्या सगळ्यांना त्यानं एकाच लोखंडाला चिकटवलं होतं.

बोर्ड ज्यातून आला ते पुठ्ठ्याचं खोकं सोबत होतंच. काकूंच्या तोंडावर परत मारायला आणलेलं. बाबांनी ते पालथं घातलं, वर बोर्ड ठेवला. पेटीतून येणाऱ्या तारा जोडल्या. मठात दिव्याच्या बटणाशेजारी एक प्लग होता, तिथं वायर लावली. मग बाबांनी पेचकस घेतला आणि चालू करायचं बटण जिथं जोडतात, त्या दोन बारक्या खिळ्यांना त्याचं टोक एकदम टेकवलं.

पंखा फिरला.

अर्धी गिरकी झाली. पुरी झाली. फिरतच राहिला. बोर्डावरचे दिवे तांबडे-निळे होऊन जत्रेतल्या पाळण्यासारखे पळू लागले, आणि भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीवर त्यांचा उजेड नाचायला लागला.

भैरू पंख्यापाशी वाकला.

‘म्हणजे पहिलाही…’

‘हं.’

‘आणि दुसरा…’

बाबांनी पुन्हा तांदूळ घेतले.

आता राग ठेवायचा कुठं, हा भैरूपुढं प्रश्न पडला. तीन दिवस जोपासलेला राग, असा टाकवत नाही. कंपन्यांवर ठेवून बघितला, राहीना. मग त्यानं तो ओळखीच्या खुंटीला अडकवला.

‘पण काकूंनी सांगायला नको? एवढं दुकान चालवतात. गिऱ्हाइकाला विचारता येत नाही, की बाबा, खुंट्या लावल्यास का?’

‘विचारलं नाही?’

भैरूनं दोरीचं टोक बोटाला गुंडाळलं.

‘किती वेळा?’ बाबांनी विचारलं.

‘…दोनदा.’

‘तू काय म्हणालास?’

 भैरूला आठवलं. पहिल्यांदा तो हसला होता. दुसऱ्यांदा दुकानातल्या गिऱ्हाइकांकडं वळून म्हणाला होता, आता झेरॉक्सवाली तोडकराला लोखंडात बसवायला शिकवणार. गिऱ्हाइकंही हसली होती. काकू मात्र बिल फाडत राहिल्या होत्या.

खाली गावात बसस्टँडवर एक एसटी हॉर्न देत होती.

भैरूनं मोबाइल उचलून खिशात टाकला. मग म्हणाला, ठीक आहे, झालं ते झालं. व्हिडिओ काही केलेला नाही. ग्रुपवर लिहिलेलंही पुसून टाकतो, एका बोटाचं काम. खुंट्या दुकानात कुठं तरी पडल्या असतील, शोधून लावतो. काकूंना काही कळवायची गरज नाही, उगाच त्यांना त्रास.

एवढं बोलून त्याला बरं वाटलं. पेटी बांधायला त्यानं दोरी घेतली. आणि जाता जाता, सवय जात नाही म्हणून, विचारलंच.

‘तरी पण बाबा, एवढ्यातल्या एवढ्यात मदरबोर्ड कुठला घ्यावा माणसानं? तुमचं मत?’

बाबा उठले. त्यांनी पातेलं बाजूला केलं, तिन्ही दगड निखाऱ्यांभोवती पुन्हा मांडले, निखाऱ्यांवर फुंकर घातली, पातेलं वर चढवलं. ते थोडं डुगडुगलं.

मग ते भैरूपुढं आले आणि हात पुढं केला.

भैरूला कळेना. त्यानं दोरी दिली. बाबांनी ती खाली ठेवली. पाना दिला, तोही खाली ठेवला.

शेवटी त्यानं मोबाइल दिला.

बाबांनी तो डोळ्यांशी नेऊन चष्म्यातून नीट बघितला, कॅमेऱ्याचं बटण शोधलं. तीस वर्षांचा कारागीर, सापडायला वेळ लागला नाही. मग तो उलटा फिरवून, भैरूचं तोंड आणि मागं फिरणारा पंखा दोन्ही येतील असा समोर धरला.

‘बाबा…’ भैरू म्हणाला. ‘अकराशे पोरं आहेत त्यात.’

बाबांचा हात हलला नाही.

‘बोल,’ ते म्हणाले. ‘मी धरलाय.’