शालीचं माप

त्या राज्यात रस्ता रुंद होत होता आणि त्याच्या कडेला उभे असलेले सगळे म्हातारे होत होते. कोणाचं काय करायचं हे एक मंडळ ठरवी. मंडळाच्या वतीने मापाचा टेप यायचा. गोड बोलायचा आणि उरलेला वेळ स्वतःच्याच पोटात गुंडाळून बसायचा.

वळणावर सिमेंटची दुमजली किटली उभी होती. साठ वर्षांपूर्वी एका हौशी गवंड्याने चहाच्या हॉटेलासाठी घडवलेली. ट्रकवाले पत्ता सांगत तो तिच्यावरूनच, किटलीच्या अलीकडं, किटलीच्या पुढं. अंगावर तडे होते, पण दर दिवाळीला ती चुना ओढून घेई.

तिच्या खांद्यावर महिन्याभरापूर्वी नवी पाटी बसवली होती. नव्या घरात आधी नुसतं ऐकायचं असतं, हे पाटीला कोणी सांगावं लागलं नाही. किटलीला ती आत्याबाई म्हणे, आणि वळणापलीकडचं जे दिसे ते मनातच ठेवी.

एका सकाळी टेप आला. "साठी झाली तुमची. मंडळ सत्कार करतंय. शालीसाठी माप हवं."

"तोटीसकट घ्या," किटली म्हणाली. "फोटोवाले नेमकी तोटीच कापतात."

"तोटी सोडून कसं चालेल? गाड्या किती सांगायच्या तेही ठरवायचंय."

किटलीला पाहुण्यांच्या गाड्या वाटल्या. ती आणखी ताठ झाली.

माप घेत घेत टेप खांद्यापर्यंत चढला आणि पाटीला हळूच म्हणाला, "नव्या इमारतीत तुझी जागा दर्शनी आहे. शहाणी दिसतेस."

त्या राज्यात स्वतःच्या सत्काराला स्वतः नको म्हणायची रीत नव्हती. ते घरातल्या दुसऱ्याने म्हणायचं. एकाने जरी म्हटलं तरी मंडळ शाल घेऊन परत जाई.

संध्याकाळी किटलीने विचारलं, "काय गं, पलीकडच्या पाण्याच्या टाकीला मिळाली ना शाल? कशी होती?"

पाटीने सगळं पाहिलं होतं. आठ दिवस शालीच्या आतून घणांचे आवाज येत होते. नवव्या दिवशी शाल काढली, तेव्हा खाली टाकी नव्हती.

"हिरवी होती, आत्याबाई. अंगभर."

"आणि ती?"

"एकदम शांत दिसत होत्या."

"मेली मिरवणारीच," किटली खूश होऊन म्हणाली. "माझ्या अंगावर जास्त खुलेल बघ."

सत्काराच्या दिवशी टेपने रीतीप्रमाणे विचारलं, "घरातलं कोणी नको म्हणतंय का?"

पाटी रस्त्याकडे बघत राहिली. तिचे स्क्रू आदल्या दिवशीच सैल करून ठेवले होते.

शाल चढली. पहिल्या घणानंतर आतून किटलीचा आवाज आला, "अगं, जरा घट्ट होतेय गं." मग आला नाही.

तिथे काचेची इमारत उभी राहिली. पाटीला दर्शनी जागा मिळाली. ट्रक मात्र थांबेनात. काही महिन्यांनी तिच्या शेजारी दिव्यांची एक पाटी आली, अबोल, नम्र. हिला ती आत्याबाई म्हणू लागली.

आणि मग टेप आला. "साठीची अट आता काढलीय," तो म्हणाला. शेजारणीच्या कानाशी तो क्षणभर घुटमळला, मग मागे सरून त्याने विचारलं, "घरातलं कोणी नको म्हणतंय का?"

पाटीने शेजारी पाहिलं. शेजारीण रस्त्याकडे बघत होती.

टेपने शाल उलगडली. तिच्या हिरव्या विणीत जुना चुना अजून अडकलेला होता.