मीठ लावलेलं राज्य

एका राज्यात एक राजा होता. राजा म्हटला की नाक आलंच, पण या राजाचं नाक त्याच्या अर्धा कोस पुढे चालायचं. भर श्रावणात एकदा स्वारी गावाबाहेरून निघाली. वाटेत उकिरडा. पावसाचं पाणी तुंबून त्याचा नुसता गाळ झालेला. तो वास नाकात गेला आणि राजा पालखीतच आडवा झाला. शुद्धीवर आला तो हुकूम सोडतच, "आजपासून माझ्या राज्यात काहीही कुजता कामा नये."

हुकूम सोपा, पण पाळायचा कसा? प्रधान विचार करत घरी जेवायला बसला. पानात गेल्या सालचं कैरीचं लोणचं होतं. त्याने एक फोड उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि जेवण टाकून दरबारात धावला.

"महाराज, कैरी मिठात वर्षभर कुजत नाही. मग राज्यालाच मीठ लावू."

समुद्रावरून मिठाच्या हजार गाड्या आल्या. उकिरड्यांना मीठ, शेणाला मीठ, पालापाचोळ्याला मीठ. राजाचा म्हातारा हत्ती मेला, त्यालाही मीठ. तो सहा महिने राजवाड्याच्या दारात जसाच्या तसा उभा. नवीन माहूत त्याच्यापुढे रोज ऊस टाकायचा आणि म्हणायचा, "खातो कमी, पण जनावर फार शांत." खोटं वाटत असेल तर त्या माहुताला विचारा.

वास गेला, राजा खूश झाला. पण गावाच्या टोकाला एक माळीण राहायची. बिघाभर मळा आणि मळ्याच्या कोपऱ्यात तिचा स्वतःचा उकिरडा. शिपाई मिठाचं पोतं घेऊन आला, तर बाई उकिरड्यावर मांडी घालून बसलेली.

"मावशी, उठा. मीठ टाकायचंय."

"माझ्यावर टाक. जुनीच आहे मी, मुरेन."

"राजाचा हुकूम आहे, मावशी."

"दर दिवाळीला तुझी आई उकिरड्यावर पणती ठेवते ना? ती काय शोभेला? घरात उरतं, सांडतं, मरतं ते सगळं हा खातो आणि पिकाच्या रूपाने परत देतो. त्याच्या तोंडात मीठ कोंबायला आलास होय?"

शिपायाने पोतं तिथेच ठेवलं आणि बाईला दरबारात नेलं.

"तुझ्या उकिरड्याला घाण येते," राजा म्हणाला.

"माझ्या नाही, तुमच्या. पाणी तुंबलं, हवा कोंडली की घाण सुटते. मी माझा पंधरा दिवसांनी वरखाली करते, कोरडा पडला तर पाणी शिंपडते. त्याला मातीचा वास येतो."

"हुकूम मोडला, महाराज," प्रधान म्हणाला. "मळा जप्त करा."

"एक साल थांबा," माळीण म्हणाली. "पुढच्या सुगीला तुमच्या शेतात माझ्यापेक्षा एक वांगं जास्त आलं, तर मळा घ्या आणि मला वेशीबाहेर घाला. पण तोवर माझ्या बांधाच्या आत मिठाचा खडा येणार नाही."

राजाने मान डोलावली. एका बाईच्या वांग्यांना राजा कशाला घाबरतो?

माळणीने मळ्याभोवती खोल चर खणला. पाऊस आला, ढिगांवरचं मीठ विरघळून शेताशेतांत शिरलं. माळणीकडे आलं ते चरातून परस्पर ओढ्याला गेलं. इकडे राज्यात पानं गळत होती, कुजत मात्र नव्हती. ढीग इतके चढले की घारी त्यांना वळसा घालून जायच्या. गांडुळांची तर पार उपासमार. मिठाने अंग भाजायला लागलं, तशी ती बायकापोरांसह, गाठोडी बांधून माळणीच्या चरापाशी येऊन उभी राहिली. बाईने फळी टाकली आणि सगळ्यांना आत घेतलं.

सुगी आली. राजाच्या शेतात मातीवर पांढरा थर. वांगी मोजकीच, बोराएवढी, तीही खारट. राजवाड्यात महिनाभर लोणचं-भाकरी चाललेली. आणि माळणीचं एक वांगं उचलायला दोन गडी.

राजा पायी मळ्यात आला. मागे प्रधान.

"जिंकलीस. मळा तुझा. आता तुझं खत माझ्या शेतात टाक."

"नाही," माळीण म्हणाली.

प्रधानाला ठसका लागला.

"खत मिळणार नाही, रीत मिळेल. दाताळं घ्या आणि तुमचा ढीग तुम्हीच वरखाली करा. मीठ पावसाने धुऊन जाईल, त्याला चर खणून द्या. ओल राखा, हवा खेळू द्या. पुढचं काम किडे करतील."

उपाशी पोटापुढे राजा काय करणार? त्याने मुकुट प्रधानाकडे दिला आणि दाताळं घेतलं. घामाघूम झाल्यावर त्याने विचारलं, "जमीन कधी सुधारेल?"

"तीन पावसाळ्यांनी."

"तीन? मी राजा आहे."

"असाल. पण किड्यांना ते अजून कोणी सांगितलेलं नाही."

राजाने प्रधानाच्याही हातात एक दाताळं दिलं आणि पुन्हा वाकला.

तात्पर्य, ज्याला पचेल त्याने घ्यावं: जो कुजणं थांबवतो, त्याचं उगवणंही थांबतं, आणि हे राजाच्या तोंडावर सांगणारी एक तरी बाई गावात असावी लागते.