डबल पन्ह्याची झोळी

"कापडाचा पन्हा किती ठेवला म्हणजे झोळीतून माणूस पडत नाही, तेवढंच सांगा. बाकी ज्ञान मला नको."

झोळीतल्या फकिरानं एक डोळा उघडला. समोर उभ्या सुगंधाला बघितलं. परत मिटला.

"बाबा, मी झोपलेल्या माणसाशी बोलायला आले नाही. भर उन्हात खाडी ओलांडून आलेय."

"ऐकतोय, बाय."

"डोळे मिटून?"

"कान उघडे आहेत."

मुरादशा फकिराचा तकिया खाडीच्या तोंडाशी होता. एक कुडाची खोली, एक पाण्याचा रांजण आणि उंडीची दोन झाडं. त्या दोन झाडांत त्याची झोळी. समुद्राला उधाण येवो की समोरून लग्नाची वरात वाजत जावो, म्हातारा निजला की निजला. गावातले टगे म्हणायचे, फकिराच्या जागेचं नावच तकिया, म्हणजे उशी, मग तो झोपा नाही काढणार तर काय नांगर धरणार?

सुगंधाही त्या हसणाऱ्यांतलीच. पण गरज पडली की माणूस ज्याला हसला त्याच्याच दारात जाऊन उभा राहतो.

तिचा नवरा भिकाजी माडावरून पडला होता. अख्ख्या गावाचे नारळ पाडणारा माणूस, माडावर असा चढायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा जन्मला तोच वर. एके दिवशी त्यानं धरली ती झावळी सुटली आणि झावळीसकट तो खाली आला. मांडीचं हाड मोडलं. हाड सांधलं. झोप मोडली ती काही सांधेना. डोळा लागला रे लागला की त्याला वाटायचं, आपण परत पडतोय. दचकून उठायचा. खाटेच्या कडा धरून उजाडेपर्यंत बसून राहायचा.

म्हणून सुगंधानं खाट उचलून गोठ्यात टाकली आणि पडवीच्या तुळयांना झोळी बांधली. झोळीला दोन्ही अंगांनी भिंती असतात. तान्ही पोरं तिच्यात गपगार निजतात, ती काय उगीच?

भिकाजी निजेना.

"कापड कुठलं घेतलंस?" फकिरानं विचारलं.

"आधी माझं लुगडं. पण ते ताणलं, आणि हे मधोमध कोयत्यासारखे वाकले. सकाळी सरळ करायला मी आणि दीर, दोघं लागलो."

"मग?"

"मग मांजरपाट आणला, कोरा करकरीत. तर म्हणतात, मला पोत्यात भरून बाजाराला काढलंस काय? तो सोडला. मग जावेनं अक्कल शिकवली, नायलॉनचं जाळं बांध, वारा खेळेल. खेळला वारा! सकाळी पाठीवर ह्या चौकड्या. तव्यावर भाजलेलं पापलेट बरं दिसेल."

फकीर हसला. झोळी हलली.

"हसू नका. माझ्या नवऱ्याची पाठ आहे ती."

"ताडपत्री नाही ना बांधलीस?"

सुगंधानं मान वळवून खाडीकडे बघितलं.

"बांधलीस!"

"एकच रात्र," ती म्हणाली. "घामाचं तळं झालं. आता पुढचं बोला."

फकीर कुशीवर झाला. हसणं थांबवलं.

"ऐक. सुती घे. धुऊन धुऊन मऊ पडलेलं, पण विरलेलं नको. पन्हा डबल घे."

"डबलच आहे आता. सोलापुरी चादर."

"टोकं ताणून बांधू नकोस. कापड ताणलं की खांदे आवळतं. ढिली बांध."

"ढिलीच आहे."

"आणि सरळ निजवू नकोस. तिरकं. डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला. तशी पाठ सपाट राहते."

"तिरकेच निजतात. मीच निजवते."

आता फकिरानं दोन्ही डोळे उघडले.

"मग तुला सगळंच येतं, बाय. माझ्याकडे कशाला आलीस?"

"कारण ते झोपत नाहीत!"

सुगंधाची जीभ गावात कोयत्याच्या धारेची म्हणून नावाजलेली. पण ह्या वाक्याला ती धार नव्हती.

"रात्री चारचारदा दचकून उठतात. मी विचारते, काय झालं? तर म्हणतात, काही नाही, तू झोप. काय तू झोप? परवा घास उचलला आणि तोंडाशी नेता नेता विसरले, हात तसाच वर. असंच चाललं तर वेड लागेल माणसाला... बाबा, मी दोन चादरी जोडू? तीन जोडू? जोड मधोमध आली तर फाटेल का? फाटत नाही असं कापड कुठलं?"



सुगंधाची नजर त्याच्या झोळीवर गेली. जाड, पिवळं पडलेलं कापड. जागोजाग ठिगळं, पण शिवण घट्ट.

"हे कसलं?"

"शीड. होडीचं. वारा धरेना म्हणून नाखव्यानं टाकून दिलं."

"मला द्या."

"हे?"

"वादळात टिकलंय ना? मग मला द्या. बदली काय हवं ते सांगा, पण हे मला द्या."

म्हातारा कुरकुरत खाली उतरला. झोळीवर थाप मारली.

"घे. पण आधी निजून बघ."

"मी? मी कशाला?"

"टोपीसुद्धा डोक्यावर घालून बघूनच घेतात, बाय."

सुगंधानं इकडे तिकडे बघितलं. वाळूत एक मांजर आणि दूर खाडीत एक होडी, एवढंच. पदर कमरेला घट्ट खोचला आणि ती झोळीत बसली, मग तिरकी झाली. कापडानं तिला घेतलं, कुठं रुतलं नाही, कुठं आवळलं नाही. पण तिचा डावा पाय खाली लोंबत होता, आणि टाच जमिनीत रोवलेली.

"पाय वर घे."

"राहू द्या."

"पाय जमिनीवर ठेवून कुणी निजतं का?"

"मी निजते."

फकीर वाकला. त्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. अंगठा सुजलेला, आणि बुडाशी काळानिळा वळ.

"हा कसला?"

"दोरीचा."

"कसली दोरी?"

"झोळीची, आणि कसली? एक टोक झोळीला, दुसरं माझ्या अंगठ्याला. मी खाली चटईवर असते. हे जरा हलले की मला कळतं. पाळण्याची दोरी बायका पायाला बांधतात की, तशी."

"असं..."

फकीर खोलीत गेला आणि सुतळीचा तुकडा घेऊन आला. एक टोक झोळीला बांधलं. मग उंडीच्या बुंध्याला पाठ टेकून बसला आणि दुसरं टोक आपल्या अंगठ्याला बांधलं.

"आता घे पाय वर. तू हललीस की मला कळेल."

हे सुगंधाला पटलं. तिनं पाय वर घेतला.

उंडीची सावली गार होती. शिडाला मिठाचा आणि जुन्या तेलाचा वास. तिनं ठरवलं, जरा वेळ पडायचं, कापड पारखायचं आणि उठायचं. मान सैल पडली. मग खांदे. किती दिवसांनी तिचे दात एकमेकांवरून सुटले. लाटांचा आवाज लांब गेला, आणखी लांब गेला...

"अगं आई गं! पडले!"

दोन्ही हातांनी तिनं झोळीच्या कडा आवळल्या. डोळे उघडले तर वर उंडीची पानं, खाली जमीन, सगळं होतं तिथंच. ती कुठंही पडली नव्हती.

म्हातारा बुंध्याशी बसल्या बसल्या पेंगला होता. तोंड उघडं. झोप लागताना कुणाचाही पाय झटकतो, तसा त्याचा झटकला होता. सुतळी अजून थरथरत होती.

त्यालाही जाग आली.

"काय झालं, बाय?"

"काही नाही. तुम्ही झोपा."

म्हणाली, आणि तिनं जीभ चावली.

ती उठून बसली. सुतळीकडे बघत. फकिराच्या अंगठ्याकडे बघत.

"मी?" ती म्हणाली. "माझा डोळा लागतो, माझा पाय झटकतो, आणि मीच ह्यांना पाडते?"

फकीर अंगठ्याची गाठ सोडत होता.

"रोज रात्री मीच पाडते?"

गाठ घट्ट बसली होती. तो नखानं सोडत राहिला.

मग सुगंधाचं तोंड सुटलं. "आणि हा माणूस! ह्याचं तोंड काय शिवलंय? सांगायला काय झालं होतं? सकाळी उठून माझ्या पायाची दोरी हेच सोडतात, बाबा! अंगठा सुजलाय म्हणून खोबरेल लावून चोळतात! रोज! आणि बोलत नाहीत!"

"तेल लावतो?"

"लावतात म्हणून सांगतेय ना."

"मग बोलतोच की."

"मी दोरी सोडणार नाही," सुगंधा म्हणाली.

"नको सोडूस."

"नाही सोडली तर हे झोपणार नाहीत."

"नाही झोपणार."

"तुम्ही काय पोपट आहात?"

सुगंधा झोळीतून उतरली, पण गेली नाही. खोचलेला पदर तिनं सोडला, आणि काठ बोटात धरून उभी राहिली.

"मी खाली होते त्या दिवशी." काठ तिनं बोटाला गुंडाळला.

"नारळ गोळा करत होते. झावळी सुटली ती मी बघितली. धावले. आणि काय केलं माहीत आहे? पदर पसरला. असा, दोन्ही हातांनी. बाई अडाणी असते, बाबा, पण एवढी? अहो, पदरात नारळ झेलला तर पदर राहत नाही, आणि मी माणूस झेलायला निघाले. नाही पुरला. जरासा काठ लागला ह्यांना, आणि टर्रकन फाटला. हातात चिंधी राहिली."

फकीर तिच्याकडे बघत नव्हता. खाडीकडे बघत होता. भरती लागली होती. पाणी किनाऱ्यावरच्या होड्यांच्या बुडाशी आलं होतं.

"आणि ह्यांनी हाक नाही मारली," सुगंधा म्हणाली. "आई गं नाही, अगं नाही, काही नाही. मुकाट आले खाली. म्हणून दोरी. ह्या माणसाचा मला भरवसा नाही. परत पडले तरी मुकाट पडतील."

"तू वर बघत होतीस ना?"

"डोळे फाडून."

"त्यानं तुला बघितलं?"

"बघितलं तर! माझ्याकडेच बघत आले खाली."

"मग हाक कुणाला मारायची?"

सुगंधा रडली. सासू गेली तेव्हा ती रडली नव्हती, भिकाजीचं हाड बसवताना त्याचं ओरडणं ऐकून रडली नव्हती. आता रडली, आणि चांगली हुंदके देऊन रडली. फकिरानं ते बघितलं नाही. तो सुतळीची गुंडाळी करत होता, आणि गुंडाळी काही केल्या त्याला नीट जमत नव्हती.

मग तिनं नाक पुसलं. रांजणातलं पाणी तोंडावर मारलं. चपला पायात सरकवल्या.

"तुमचं शीड ठेवा तुम्हालाच. खारट वास मारतो."

"बरं."

ती चार पावलं गेली. थांबली. परत आली.

"दोरी नसली तर हे जागे झालेले मला कळणार कसे?"

"हाक मारील."

"आणि नाही मारली तर?"

फकीर झोळीत चढला. जरा इकडे, जरा तिकडे करत तिरका झाला. हात छातीवर ठेवले.

सुगंधा कमरेवर हात ठेवून उभीच.

"बाबा, मी विचारतेय. नाही मारली तर?"

फकिरानं डोळे मिटले.

"तर झोपलाय."